सिग्नेबाईंचा दुबईतला फोटो

दुबईहून परतल्यावर इचलकरंजीत ज्याने त्याने माझ्याकडे खजूर मागितले. मी खजूर आणलेले नाहीत. ते आपल्या मेन रोडवरही मिळतात. मी आणली आहे एका फोटोची हकीकत. फोटो तिकडेच ठेवून आले, आणि योग्य माणसांकडे ठेवून आले.

माझं काम पत्रकं लिहिण्याचं. यंत्रमाग कामगारांसाठी लिहायची, सायकलवरून वाटायची, आणि पोलीस ठाण्यात बोलावलं की तिथे बसून त्यांचा अर्थ समजावून सांगायचा. अशा बाईला दुबईचं विमान कुणी दाखवत नाही. मला ते दाखवलं सिग्ने एस्टरवीक यांनी, आणि त्या वारून कितीतरी वर्षं झाली आहेत.

सिग्नेबाई फिनलंडच्या. बंदरावरच्या हमालाची मुलगी, शाळा पुरी व्हायच्या आधीच सूतगिरणीत उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत, कापसाच्या गाठीला पाठ टेकून लिहायची. दोन कादंबऱ्या आणि कवितांची काही पुस्तकं तिने तशीच लिहिली. तिची घरची भाषा स्वीडिश. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे थोडे, आणि बाकीच्यांची समजूत अशी की ते सगळे हवेलीत राहून पियानो वाजवतात. सिग्नेबाईंच्या घरात माणसांना पुरेल एवढ्या खाटासुद्धा नव्हत्या. गिरणीतल्या फिनिश बोलणाऱ्या बायका म्हणायच्या, ही मालकांच्या भाषेत बोलते. मालक म्हणायचे, ही आमच्या भाषेत घामाचा वास आणते. ती दोघांनाही पुरून उरली. मला स्वीडिश येत नाही. इंग्रजीतून वाचत, अडत, डिक्शनरीला शिव्या घालत मी तिच्यावर एक पुस्तिका लिहिली आणि संघटनेने ती छापली.

ती पुस्तिका दोन ठिकाणी पोचली. दुबईतल्या मरुमोगरा साहित्य मंडळाचे अध्यक्ष अभयसर यांच्याकडे एक. दुसरी दुबईतल्याच मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमध्ये दत्ताराम यांच्याकडे. अभयसरांचा फोन आला की यंदा आमचं जागतिक साहित्याचं वर्ष आहे, तुम्ही व्याख्यानाला या. दत्तारामांनी फोनवर नुसतं गाणं पाठवलं. सिग्नेबाईंची संत्र्याची कविता त्यांनी कोकणातल्या जाखडीच्या चालीत बसवली होती. ते गुहागरकडचे शाहीर, शक्तीवाले. तिकडे बांधकामावर शटरिंगचं काम करतात. मंडळाच्या मंचावर गायला मिळावं म्हणून तीन वर्षं मागे लागले होते आणि दर वर्षी त्यांना 'पुढच्या वर्षी, इन्शाल्ला' असं उत्तर मिळत होतं.

मी अभयसरांना अट घातली. दत्तारामांचं गाणं होणार असेल तर मी येते.

"का नाही, का नाही," सर म्हणाले. "इन्शाल्ला."

मरीना

माझी उतरायची सोय मंडळाच्या सचिव मृणालताईंकडे होती. घर दुबई मरीनात, इतक्या वर की खाली समुद्र ओट्यावर सांडलेल्या पाण्यासारखा दिसतो. मृणालताई मूळच्या पुण्याच्या, एका कंपनीत फायनान्स बघतात, मनाने चांगल्या. हे मी पुढे जे लिहिणार आहे त्याच्या आधी लिहून ठेवते.

पहिल्या सकाळी मिसळ होती. पाव फ्रीझरमधला, फरसाण पुण्याचं, आणि तर्रीला तिखटाची भीती वाटत होती. मी आईला फोन लावून ती दाखवली. आई म्हणाली, "बरं नाहीये का तिला?"

"तुझ्या लेखिकेचा फील यावा म्हणून आज आपण बर्फ बघायला जाऊ," मृणालताई म्हणाल्या.

बर्फ मॉलमध्ये होता. काचेआड टेकडी, टेकडीवर बर्फ, आणि पेंग्विन. माझ्या माहितीप्रमाणे फिनलंडात पेंग्विन नसतात, पण मॉलच्या माहितीप्रमाणे बर्फ तिथे पेंग्विन. भाड्याचा कोट घालून मी दहा मिनिटं थरथरत उभी राहिले. सिग्नेबाईंच्या पहिल्या कादंबरीत एक मुलगी पायाला वर्तमानपत्राचे कागद गुंडाळून गिरणीत जाते. मी ते सांगितलं.

"हाऊ सॅड," मृणालताई मनापासून म्हणाल्या. "इरा, ऐकलंस ना?"

त्यांची लेक इरा कॉलेजच्या उंबरठ्यावर. तिच्याशी घरात मराठीत बोलतात आणि ती इंग्रजीत उत्तर देते. "येस मम्मा, न्यूजपेपर शूज," ती म्हणाली आणि माझा पेंग्विनसोबत फोटो काढला.

घरी आल्यावर मला कार्यक्रमाचं पोस्टर दाखवलं. 'नॉर्डिक काव्यसंध्या'. मागे हिरवे निळे आकाशातले प्रकाश, पुढे माझं नाव, सिग्नेबाईंचं नाव माझ्यापेक्षा लहान. दत्तारामांचं नाव नव्हतं.

"त्यांचं आहे ना, 'आणि इतर कार्यक्रम' मध्ये," मृणालताई म्हणाल्या. "अगं वैशाली, अभयसर जरा नर्व्हस आहेत. स्पॉन्सर येतायत. काही ऑकवर्ड झालं ना, तर ते पहिला तोच आयटम काढतील. मी त्यांना ओळखते. तू प्लीज व्याख्यानात जरा… यू नो."

मला ते कळलं होतं. इचलकरंजीत असते तर त्याच दिवशी पत्रक काढलं असतं.

मुहैस्नाह

शहराच्या या टोकाला पर्यटक येत नाहीत, म्हणून इथे सावलीसुद्धा लावलेली नाही. ओळीने इमारती, खिडक्यांबाहेर वाळत घातलेले कामावरचे निळे-नारिंगी डांगरी कपडे, आणि बसेस. आमच्याकडे पहाटेपासून मागांची खडखड असते, तिने माणूस बहिरा होतो पण एकटा पडत नाही. इथे एवढी माणसं असून आवाज नव्हता.

कॅम्पच्या गेटवर सिक्युरिटीने हात आडवा केला. "लेडीज नो."

मी त्याला कारण विचारलं. हिंदीत विचारलं, मग जरा मोठ्या हिंदीत विचारलं. तो बिचारा नेपाळचा, त्याने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. तेवढ्यात आतून एक उंच, गळ्याला मफलर गुंडाळलेला माणूस आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"ताई, त्याच्याशी नका भांडू. तो आमच्यातलाच हाय," दत्ताराम म्हणाले. "आणि आवाज कशाला वाया घालवता? मी बघा, थंड पाणीसुद्धा पीत नाय."

समोरच्या कॅफेटेरियात बसलो. करक चहा आला, वेलचीचा, दाट, साखरेने जीभ चिकटवणारा. सोबत अंडं घालून गुंडाळलेला पराठा. दत्तारामांबरोबर त्यांचे चार नाचे होते, चौघेही रत्नागिरी जिल्ह्यातले. एक एसीचे डक्ट बसवतो, एक क्रेनखाली उभा राहून हात हलवतो, दोघे लोखंड बांधतात.

दत्ताराम नम्र वगैरे अजिबात नाहीत. गावाकडच्या स्वतःच्या बाऱ्यांच्या, म्हणजे जाखडीच्या सामन्यांच्या, गोष्टी त्यांनी चहाच्या तीन कपांइतक्या सांगितल्या. "माझ्यासमोर तुरेवाला बसला की अर्ध्या तासात पाणी मागायचा. विचारा याला."

"मागायचा," डक्टवाल्याने सवयीने सांगितलं.

ज्यांनी जाखडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. कोकणात हिचा सामना असतो. एक बाजू शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. शाहीर मध्ये गातो, पायात चाळ बांधून नाचे भोवती फिरतात, आणि गाण्यातून समोरच्या शाहिराला सवाल टाकायचा, टोमणे मारायचे. त्याला जवाब देता आला नाही की तो हरला.

"ताई, पुस्तिकेतलं तुमचं भाषांतर चांगलं होतं," दत्ताराम म्हणाले. "फक्त त्याच्यावर पाय पडत नव्हता. म्हणून मी ते मोडलं. राग नाय ना?"

मला राग आला होता. त्यांनी टेबलावर बोटांनी ताल धरून दोन ओळी म्हटल्या आणि राग गेला.

त्या कवितेचं सांगायचं तर असं. नाताळात गिरणीची मालकीणबाई यायची आणि कामावरच्या प्रत्येक मुलीला एक संत्रं द्यायची. तिकडे संत्रं म्हणजे चैन. मुलींनी गुडघ्यात वाकून दोन्ही हात पुढे करून ते घ्यायचं. सिग्नेबाईंनी लिहिलं की संत्रं गोड होतं, साल कित्येक दिवस खिशात ठेवून हुंगली, पण ते घ्यायला दोन्ही हात पुढे करावे लागले ते काही विसरता येईना.

"गाणं तयार हाय," दत्ताराम म्हणाले. "एकच खोट. समोर कोणी नाय. दुबईत सगळं मिळतं, तुरेवाला नाय मिळत. सवाल टाकायचा कोणाला? तुमच्या त्या स्पॉन्सरला?"

चौघे हसले आणि लगेच थांबले.

मी पिशवीतून पत्रकं काढली. तशी साधीच होती, कामाचे तास, राहायची जागा, माणसासारखं वागवणं. दत्तारामांनी वरचं एक वाचलं, घडी घातली आणि माझ्या पिशवीत परत ठेवलं.

"चांगलं लिवलंय. हे बॅगेतच राहू दे. तुमी सोमवारी विमानात बसाल. आमाला सोमवारी साइटवर जायचंय."

"मग गाणं कशाला म्हणायचं?" मी विचारलं. "त्यात तरी काय वेगळं आहे?"

"गाणं गाणं हाय, ताई. गाण्यात कोणाचं नाव नाय." मग मफलर सारखा करत म्हणाले, "त्या स्टेजवर आमी दर वर्षी चढतो, माहिती हाय ना तुमाला? पिशवी घ्यायला. भेट देतात, फोटो काढतात, खलास. मला एकदा तिथे गायचंय. गावाला लाइव्ह दिसतं. माझा तुरेवाला बघणार हाय. तो सगळ्यांना सांगतो, दत्तू दुबईला गेला आणि मुका झाला."

बर दुबई

कार्यक्रमाच्या सकाळी हार आणायला मृणालताई मला जुन्या देवळांच्या गल्लीत घेऊन गेल्या. या गल्लीत आल्यावर माझी दुबईशी पहिल्यांदा जरा ओळख झाली. अगरबत्ती, कुंकू, नारळ, धक्काबुक्की, आणि "दीदी, इधर देखो." मीना बाजारातल्या साड्यांच्या दुकानांवरून जाताना मृणालताईंनी एक पैठणी पाहिली, हातात धरली, सोडली, पुढे जाऊन परत आल्या आणि पुन्हा सोडली. माणूस मरीनात राहो की इचलकरंजीच्या गावभागात, हे सारखंच.

मोगऱ्याचा भरघोस हार घेतला. "पंचवीस दिरहॅम, म्हणजे जवळजवळ सहाशे रुपये," मृणालताई सवयीने मोठ्याने म्हणाल्या, "पण तुझ्या सिग्नेबाईंसाठी हरकत नाही."

खाडी ओलांडायला अब्रात बसलो. अब्रा म्हणजे लाकडी होडी, मध्ये बाक, दोन्ही बाजूंना पाठ टेकून माणसं. सूटवाला, मजूर, फिलिपिनो नर्स, सगळे एकाच बाकावर. दुबईत मला दिसलेली ही एकच जागा जिथे पुढच्या रांगेसाठी खुर्च्या राखलेल्या नव्हत्या. हाराची पुडी माझ्या मांडीवर होती. बंदरावरच्या हमालाच्या पोरीला मोगऱ्याचा हार घालायला मी होडीतून चालले आहे, या विचाराने मला भरून आलं, हे कबूल करते. पत्रकं लिहिणाऱ्या माणसालाही कधीकधी भरून येतं.

हॉल

हॉलमध्ये एसी इतका होता की अभयसर अभिमानाने म्हणाले, "मुद्दाम ठेवलाय. फिनलंडचं वातावरण." अभयसर उंची कुर्त्यात होते. एकदोनदा "यल्ला, यल्ला" म्हणत त्यांनी स्वयंसेवकांना पळवलं.

मंचावर सगळं आपल्याकडच्यासारखं. समई, सरस्वती, शाली, नारळ, आणि स्टँडवर रेशमी कापडाने झाकलेला फोटो. अनावरण झालं, टाळ्या वाजल्या, अभयसरांनी माझ्या मांडीवरून आलेला तो मोगऱ्याचा हार फोटोला घातला आणि डोळे मिटून हात जोडले.

फोटोत मालकीणबाई होत्या.

होय, तीच. संत्रं देणारी. गळ्यात मोत्यांच्या चार पदरी माळा, खांद्यावर कुठल्यातरी जनावराची कातडी, मांडीवर कुत्रं. माझ्या पुस्तिकेत तिचा फोटो आहे आणि त्याखाली 'गिरणीमालकांच्या पत्नी' असं छापलंय. समोरच्या पानावर कामगार बायकांचा गिरणीच्या दारातला फोटो आहे. त्यात दुसऱ्या रांगेत सिग्नेबाई आहेत, पण नेमक्या क्षणी हलल्यामुळे चेहऱ्याचा धूर झालाय.

मी मृणालताईंना फक्त विचारलं, "फोटो कुणी निवडला?"

"इराने. छान आहे ना? तिला मराठी वाचायला वेळ लागतो, पण फोटो बरोब्बर ओळखला."

"शी लुक्ड लाइक ॲन ऑथर," इरा मागून म्हणाली.

मुलीला मी दोष देत नाही. लेखिका कशी दिसते हे तिला आपण सगळ्यांनी मिळून शिकवलंय. लेखिकेच्या अंगावर मोती असतात आणि तिला कुत्र्याला जवळ घ्यायला वेळ असतो.

मी सरळ माइककडे निघाले. दोनच वाक्यं सांगायची होती. विंगेत दत्ताराम चाळ बांधून उभे होते, फेटा बांधलेला, चेहरा उजळलेला. त्यांनी माझी बाही धरली. त्यांच्याकडे पुस्तिका होती, त्यांनी ती वाचली होती, आणि त्या फोटोखालची ओळही.

"ताई, बोलू नका."

"दत्ताराम, त्या बाईला हार घातलाय ह्यांनी. सिग्नेबाईंच्या नावाने."

"बघितलं मी. तुमी आता बोललात की तो साहेब लाल होणार, स्पॉन्सर उठणार, आणि पहिलं आमचं गाणं जाणार. मृणाल मॅडम बोलल्या नाय तुमाला?"

"म्हणून गप्प बसायचं?"

"फोटो राहू द्या." ते हसत होते. "ताई, तीन वर्षं मी समोरचा शोधतोय. ह्यांनीच आणून बसवलाय. वर हार घालून."

व्याख्यान मी दिलं. माझी वेळ तासावरून वीस मिनिटांवर आली होती. सिग्नेबाईंचं लहानपण सांगितलं, कापसाची पूड छातीत बसून आलेला खोकला सांगितला, मालकांच्या भाषेत मालकांनाच खडसावणारं तिचं गद्य वाचलं. दुसरी कादंबरी छापायला कोणी तयार होईना, तेव्हा गिरणीतल्या फिनिश बायकांनी, ज्यांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, वर्गणी काढली, तेही सांगितलं. माझ्या पाठीशी मालकीणबाई मोगऱ्याच्या वासात बसल्या होत्या आणि पुढची रांग माझ्या खांद्यावरून त्यांच्याकडे आदराने पाहत होती. जन्मात पहिल्यांदा एक वाक्य मी गिळलं. ते अजून घशात आहे.

मग 'कामगार बंधूंना स्नेहभेट'. माणसं ओळीने मंचावर आली. पिशवीत टॉवेल, टोपी, बिस्किटं, ज्यूस. एक स्वयंसेविका प्रत्येकाला हळूच सांगत होती, "दोन्ही हातांनी घ्या दादा, फोटोत छान दिसतं."

मी दत्तारामांकडे पाहिलं. त्यांनीही पिशवी घेतली, दोन्ही हातांनी, अगदी छान. मग ती विंगेत ठेवली आणि कॅम्पमधल्याच ढोलकीवाल्याला मान हलवली.

गण झाला तोवर लोक चहाकडे निघाले होते. मग चाळ वाजले. चौघांनी फेर धरला आणि फेराच्या मध्ये उभ्या दत्तारामांनी प्रेक्षकांकडे पाठ केली. फोटोकडे हात केला आणि जो आवाज लावला तो त्या फिनलंडच्या थंडीतून आरपार गेला.

*संत्रं तुझं गोड गं बाई, साल ठेवली खिशात,*
*दोन्ही हात पुढं केले, तवा पडलं हातात.*
*सांग मला गं मोत्यांवाले, सवाल माझा साधा,*
*सूत माझ्या बोटांचं, तुझ्याच अंगी का जादा?*

चहाकडे गेलेले परत आले. मागच्या बाजूला, जिथे कामगारांना बसवलं होतं, तिथे कोणीतरी शिट्टी घातली. दत्ताराम फोटोच्या आणखी जवळ गेले. कंबरेवर हात ठेवून, मान वाकडी करून त्यांनी जवाबाची वाट पाहिली, जशी सामन्यात बघतात. ढोलकी थांबली. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत. "कुत्र्याला विचार," मागून एकजण म्हणाला, आणि हॉलचा मागचा अर्धा भाग फुटला.

पुढच्या रांगेतले अभयसर शेवटपर्यंत तालात टाळ्या वाजवत होते. आभार मानताना ते म्हणाले, "दिवंगत लेखिकेच्या डोळ्यांत पाहून आपल्या कामगार बंधूने वाहिलेली ही श्रद्धांजली आम्ही विसरणार नाही." त्यांनी दत्तारामांना शाल घातली. स्पॉन्सरनेही हात मिळवला.

मृणालताई मात्र टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांच्या मांडीवर माझी पुस्तिका उघडी होती आणि बोट एका ओळीखाली होतं.

खुर्च्या आवरत असताना त्या माझ्याजवळ आल्या. "तू सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर गाणं झालं असतं?"

त्यांनी विचार केला. त्या खोटं बोलू शकल्या असत्या. "नसतं झालं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने स्टँडवरून फोटो उतरवून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "हा मी घरी नाही ठेवू शकत. हार काढू का?"

"राहू द्या," मी म्हटलं.

बाहेर कॅम्पची बस सुरू होती. दत्तारामांचा फोन सारखा वाजत होता. गावाकडून तुरेवाल्याने निरोप पाठवला होता की आवाज बसलाय, पण हरकत नाही. दत्ताराम तो निरोप प्रत्येकाला दाखवत होते, आणि त्यांच्या तोंडावरून वाटत होतं की एवढी मोठी शाबासकी त्यांना कधी मिळाली नसेल.

"फोटो तुमी नेणार?" त्यांनी विचारलं.

"विमानात कुठे ठेवू? आणि हिला इचलकरंजीला नेऊन काय करू? आमच्याकडे आहेत पुष्कळ."

"मग आमाला द्या. दर रविवारी सराव असतो. समोर कोणीतरी पायजे."

"आपल्या खोलीत?" डक्टवाला म्हणाला. "माझ्या पलंगावर नको हं. मला झोप नाय येणार."

मी फोटो पुढे केला. जड होता, सोनेरी फ्रेमचा, हार लोंबत होता. दत्तारामांनी तो एका हाताने काखेत मारला, दुसऱ्या हाताने बसचा दांडा धरला आणि चढले. स्नेहभेटीची पिशवी विंगेतच राहिली होती. त्यांच्या ते लक्षात होतं की नाही, मी विचारलं नाही.